टाचे

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा.
दुपारी साडेतीनला हिराजी भोईर
रुमालाची गाठ सोडून
एक कपची माझ्या तळहातावर ठेवतात :
"डॉक्टरीनबाय, ह्यो तुमचाच माल."

खालची डावी दाढ, दुसरी.
कार्ड सापडतं. तेरा वर्षांपूर्वीचं माझं अक्षर,
तेव्हा उजवीकडे झुकणारं.
कपची भिंगाखाली धरते.
तुटलेली नाही. सुटलेली आहे.

तुटण्यात खडबड असते.
पदार्थ स्वतःतूनच फाटतो,
दोन्हीकडे थोडा थोडा उरतो.
हिची पाठ नखासारखी गुळगुळीत.
खालचा थर दाढेत अजून घट्ट,
वरचा अख्खा निघून आलेला.
म्हणजे ते जोडलेले नव्हतेच कधी,
तेरा वर्षं नुसते एकमेकांवर बसून राहिले,
भाकरी, सोडे, सुपारी सोसत.

कॉलेजात शिकवलं होतं :
दोन मिलिमीटरहून जाड थर द्यायचा नाही,
दर थरावर वीस सेकंद निळा उजेड,
आणि वर जो ओशट पापुद्रा राहतो,
हवा लागल्याने न वाळलेला,
त्याला पुसायचं नाही, बोट लावायचं नाही.
पुढचा थर त्यालाच धरतो.
मला तो दोष वाटायचा.
सगळं कसं लगेच कडक व्हावं, असं वाटण्याचं वय.

आणि त्या दिवशी
(दवाखान्याचा पहिला महिना, बाहेर चौघं, भाड्याची तारीख)
कापूस सरकला होता.
थुंकीचा एक पडदा, दिसेल न दिसेल असा.
मी गॉजने टिपला. एकदाच.
पुढचा थर चढवला.
कार्डावर यातलं काही नाही.

"समदं काढनार काय?"
नाही, म्हटलं, खालचं चांगलं आहे.
पण ते आता जुनं, कोरडं झालंय.
नवं त्याला आपणहून धरणार नाही.
आधी ते खरवडून घ्यावं लागेल,
मग आम्लाने धुवायचं, मग एक औषध...

"टाचे," ते म्हणाले.
पस्तीस वर्षं गवंडीकाम. घणसोलीपासून नेरूळपर्यंत गिलावा.
"जुन्या भितीला टाचे मारल्याबिगर
नवा माल धरतंय का कवा?
टाचे मार, झाडून घे, शिमिटाचं पानी मार, मंग थापी."
माझं वाक्य तसंच अर्धं राहिलं.

हिरवा रबर ताणून दाढ एकटी केली.
हल्ली मी रबराशिवाय हात घालत नाही.
हिऱ्याची बारीक सुई फिरते, ओरखडे उठतात,
चकाकी जाते.
धुतलं. वाळवलं. औषधाचा थेंब सोडला.
आता एक मिनिट थांबायचं.

त्या मिनिटात मी म्हणाले,
"काका, तेव्हा चूक माझी होती."
रबराखालून आवाज आला : "आं."
हो, की काय म्हणालात, की दुखतंय?
डोळे छताच्या पंख्यावर.
प्रणिताने माझ्याकडे पाहिलं,
मग नारिंगी काच मध्ये धरली.
वीस सेकंद. पुन्हा थर. वीस सेकंद.

जुन्या-नव्याचा जोड
ताज्यावर ताज्याइतका बळकट होत नाही.
मोजलंय लोकांनी, यंत्रात धरून, तुटेपर्यंत ढकलून.
तरी बरा होतो. खाण्यापुरता होतो.

कागद चावायला दिला. "उच लागतंय."
घासलं. "अजून." घासलं.
पैसे दिले, मी निम्मे परत केले.
त्यांनी मोजले, खिशात घातले,
नको वगैरे म्हणाले नाहीत.

दाराशी थांबून
स्विचबोर्डाखालच्या भिंतीवर बोटाची पेरं वाजवली.
"हितं पोकल हाय. टाचे नय मारलं कुनी."
आणि चप्पल घालून गेले.

मी पण वाजवून बघते.
गिरणीच्या घरघरीत काही कळत नाही.
गिरणी थांबते.
पुन्हा वाजवते, जरा वर, जरा डावीकडे,
पोकळ कुठे संपतं ते शोधत.